बॉस्टनचा बर्फ, बोंडं आणि फरारबाई

पीटर हेसलर नावाच्या एका अमेरिकन माणसाचं 'रिव्हर टाऊन' हे पुस्तक गेल्या महिन्यात वाचून संपवलं. विकांताला सुरू केलं आणि सोमवारी ऑफिसात डोळे चोळत बसलो. हा पठ्ठ्या १९९६ साली पीस कोअरतर्फे चीनमध्ये गेला. यांगत्से नदीकाठच्या फूलिंग नावाच्या गावात, शिक्षकांच्या कॉलेजात, दोन वर्षं इंग्रजी शिकवलं. तिथली भाषा शिकला, तिथलं तिखट खाल्लं, रस्त्यात लोक टक लावून बघायचे ते सहन केलं. बस, एवढंच पुस्तक. पण खाली ठेववत नाही.

वाचताना सारखं एक डोक्यात येत होतं. आमच्या धुळ्यात (आणि तुमच्या जळगावात, नगरात, साताऱ्यात) आता दर गल्लीत अमेरिकेला गेलेलं कुणी ना कुणी आहे. देवपुरात तर एकेका सोसायटीत तीन-तीन. पण उलटं? अमेरिकेतून इकडे येऊन, आपल्यात राहून, आपल्या पोरांना शिकवणारं कुणी होतं का? म्हटलं बघू तरी. बघायला लागलो आणि दोनशे वर्षं मागे गेलो. मंडळी, चहा घेऊन बसा, पोस्ट लांबलचक आहे.

सुरुवात १८१३ सालची आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री मुंबईत उतरले. आधी कलकत्त्याला गेले होते, तिथून कंपनी सरकारनं 'चालते व्हा' सांगितलं होतं. मुंबईतही तोच हुकूम. त्यात १८१२ पासून इंग्लंड-अमेरिकेची लढाई जुंपलेली, म्हणजे हे दोघं शत्रुराष्ट्राचे नागरिक! आपल्याला एच-वनच्या स्टँपिंगला घाम फुटतो, तर यांचं काय झालं असेल विचार करा. मध्ये कोचीनला पळून गेले, तिथून परत आणले गेले, अर्जविनंत्या केल्या आणि शेवटी राहायची परवानगी मिळाली. नॉट तब्येतीमुळे लवकरच परत गेला. हॉल राहिला, मराठी शिकला, बायबलच्या भाषांतरात खपला. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकला गेला होता. तिथं पटकीची साथ चालू होती, जवळची औषधं लोकांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर त्याच पटकीनं स्वतः गेला. वय ४१.

या मिशननं मुंबईत छापखाना काढला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात हा अमेरिकन मिशन प्रेस फार मोठी गोष्ट आहे. ज्या निर्णयसागर छापखान्याची पंचांगं आणि पोथ्या आपल्या आजोबांच्या कपाटात असायच्या, त्याचे मालक जावजी दादाजी लहानपणी याच प्रेसमध्ये टाइप घासायच्या कामाला होते. नंतर १८६९ साली त्यांनी स्वतःचं काढलं. म्हणजे आपल्या धर्मग्रंथांच्या सुबक छपाईचं मूळ ख्रिस्ती प्रचाराच्या छापखान्यात. इतिहास हा असा गमत्या आहे.

आता मुख्य पात्राकडे येतो.

सिंथिया फरार. मराठीत 'फरारबाई'. नावावरून हसू नका, कारण या बाई फरार तर झाल्या नाहीतच, उलट चौतीस वर्षं ठाण मांडून बसल्या. जन्म १७९५, न्यू हॅम्पशायरमधला. पेशानं शिक्षिका. १८२७ च्या जूनमध्ये बॉस्टनहून जहाजात बसल्या आणि वर्ष संपता संपता मुंबईत पोचल्या. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही. तेव्हा मिशनरी म्हणून परदेशी जायचे ते पुरुष, आणि बायका जायच्या त्या त्यांच्या बायको म्हणून. लग्न न झालेल्या बाईला एवढ्या लांब धाडणं हे त्या काळच्या अमेरिकेतही जवळजवळ न ऐकलेलं होतं. मुंबईत मिशनच्या मुलींच्या शाळा १८२४ पासून सुरू झाल्या होत्या, त्यांच्याकडे बघायला पूर्णवेळ कुणीतरी हवं होतं, म्हणून ही नेमणूक.

रोजचं जगणं कसं असेल, याचा विचार करत बसलो. पत्र पाठवलं की ते बॉस्टनला पोचायला चार-पाच महिने, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे जानेवारीत 'आई कशी आहे?' विचारलं तर उत्तर दिवाळीत. सुएझचा कालवा १८६९ चा, तोपर्यंत जहाजानं आफ्रिकेला वळसा. सकाळी उठून मराठीचा अभ्यास, मग शाळांची फेरी. शाळा म्हणजे काय, कुणाच्या तरी ओसरीवर किंवा भाड्याच्या खोलीत बसलेल्या दहा-वीस मुली. शिकवणारा बहुतेक वेळा गावातलाच पंतोजी, बऱ्याचदा ब्राह्मण, पगार मिशनचा. बाईंनी देखरेख करायची, परीक्षा घ्यायची, शिवणटिपण शिकवायचं. मुली यायच्या आणि गायब व्हायच्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या आजीला हे थेर पसंत नाही, कुणाच्या घरी अफवा गेली की बाटवणार. कुठं एखादं धर्मांतर झालं की शाळा एका दिवसात ओस.

आणि अफवा अगदीच खोटी होती असंही म्हणता येत नाही. बाटवणं हा मिशनचा उघड हेतू होता, त्यांनी तो कधी लपवला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण या विषयावर दोन टोकांचे लोक भेटतात. एक म्हणतात देवदूतच आले होते, दुसरे म्हणतात सगळं कारस्थान. फरारबाई ख्रिस्ती धर्म सांगायलाच आल्या होत्या आणि मुलींना वाचायला शिकवणं हा त्याचाच भाग होता. पण मुलगी एकदा वाचायला शिकली की पुढं ती काय वाचेल यावर कुणाचाच ताबा राहत नाही. मिशनचाही राहिला नाही.

मधेच एक गंमत. त्या काळात बॉस्टनहून हिंदुस्थानात आणखी एक वस्तू यायची, बर्फ! फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून, जहाजानं १८३३ साली कलकत्त्याला पाठवला आणि लगेच पुढच्या वर्षी मुंबईला. जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना बर्फाचे थंडगार पदार्थ खिलवले आणि यजमानासकट सगळ्यांना सर्दी झाली, अशी बातमी तेव्हाच्या 'मुंबई समाचार'नं छापल्याचं सांगतात. फरारबाईंना आपल्या गावाकडचं हे पाणी मुंबईच्या उन्हात बघून काय वाटलं असेल!

१८३७ मध्ये तब्येत फारच ढासळली म्हणून बाई अमेरिकेला गेल्या. इथं कुणीही म्हटलं असतं, दहा वर्षं झाली, पुष्कळ झालं. १८३९ ला त्या परत आल्या. यावेळी मुंबईला न थांबता अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. मिशनचं तिथलं केंद्र १८३१ चं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली तिथूनच निघालं. नगरला त्यांनी पुन्हा मुलींच्या शाळा घेतल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या.

आता त्यांच्या शाळेला आलेल्या एका पाहुण्याची गोष्ट.

पुण्याचा विशीतला एक तरुण, त्याचा मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीला. मित्राबरोबर तो फरारबाईंच्या शाळा बघायला गेला. मुली पाटीवर लिहितायत, धडे म्हणून दाखवतायत. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. परत आल्यावर १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. नगरच्या त्या शाळा पाहून आपल्याला स्फूर्ती मिळाली, हे त्यांनी पुढं स्वतः सांगितलं आहे. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे धडे नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांतून सांगितलं जातं.

यात फरारबाईंचं श्रेय किती? माझं मत, थोडं आणि ठाम. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, टॉमस पेन वाचलेले, जातीचा अपमान सोसलेले. विचार त्यांच्या डोक्यात होताच. पण 'मुलींची शाळा चालू शकते' ही गोष्ट पुस्तकात वाचणं वेगळं आणि नगरच्या एका वाड्यात चालू असलेली डोळ्यांनी बघणं वेगळं. आमच्या धंद्यात याला वर्किंग डेमो म्हणतात. शंभर पानी डॉक्युमेंटनं जे होत नाही ते पाच मिनिटांच्या डेमोनं होतं. फरारबाई तो डेमो वीस वर्षं रोज चालवत होत्या, कुणी बघायला येईल की नाही हे माहीत नसताना. आणि जोतीरावांनी त्यातलं घ्यायचं ते घेतलं, बाकीचं सोडलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, शाळा मात्र काढली. पुढं मुक्ता साळवे नावाची चौदा वर्षांची मातंग मुलगी त्यांच्या शाळेत शिकून निबंध लिहिते आणि तो १८५५ साली त्याच 'ज्ञानोदय'मध्ये छापून येतो. वर्तुळ कुठून कुठं गेलं बघा.

आता आमच्या खान्देशाच्या जिव्हाळ्याचा विषय, कापूस. कारण त्याच काळात आणखी एक प्रकारचे अमेरिकन मास्तर हिंदुस्थानात आले होते.

मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस लागायचा आणि तो अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, गुलामांच्या घामावर. एकाच देशावर अवलंबून राहणं धोक्याचं, म्हणून कंपनी सरकारनं १८४० मध्ये कॅप्टन बेल्स नावाच्या अधिकाऱ्याला अमेरिकेत पाठवून दहा कापूसवाले आणवले. बी आणलं, औजारं आणली, सरकी काढायची यंत्रं आणली. काम काय? हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याला कापूस पिकवायला शिकवणं. ज्या देशात हजारो वर्षं कापूस पिकतोय, विणला जातोय, त्या देशातल्या शेतकऱ्याला!

आयटीतल्या मंडळींना पुढचं सांगायची गरज नाही. बाहेरून कन्सल्टंट आला की काय होतं ते आपण जाणतो. त्यांना इथली माती माहीत नाही, चार महिने कोसळून मग आठ महिने तोंड न दाखवणारा पाऊस माहीत नाही, शेतकऱ्याची भाषा येत नाही. घरी त्यांच्या हाताखाली गुलाम होते, इथं मजुरी देऊन माणसं लावायची. त्यांचं बी बहुतेक ठिकाणी करपलं. आपलं देशी वाण आखूड धाग्याचं खरं, पण कमी पावसात तग धरणारं. शेतकरी ते का लावतो याला कारण होतं, आणि ते कारण विचारायची तसदी फारशी कुणी घेतली नाही. काही वर्षांत बहुतेक मंडळी परतली. धारवाडकडे मात्र अमेरिकन बी रुजलं आणि 'धारवाड-अमेरिकन' म्हणून नावारूपाला आलं.

मग १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा कैफ चढला तो याच पैशावर. खान्देशच्या काळ्या मातीत कापसाखालचं रान वाढलं, रेल्वे भुसावळपर्यंत आली, सरकारनं धारवाड-अमेरिकन आणि हिंगणघाटचं बी इथं पसरवायचा धडाका लावला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. भाव चढताना कर्ज काढलेल्या शेतकऱ्याचं काय होतं हे धुळ्या-जळगावकडच्या माणसाला इतिहासाच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. आज आमच्याकडे शेतात जे बीटी कपाशीचं झाड दिसतं तेही मूळ अमेरिकन जातीचंच, आणि २००२ मध्ये परवानगी मिळालेला तो जनुकही अमेरिकन कंपनीचाच. मास्तर परत गेले, बी मात्र राहिलं. हिशोब अजून चालू आहे.

आता या दोन धाग्यांची गाठ बघा. ज्या युद्धानं खान्देशच्या कापसाला भाव आला, त्याच युद्धानं अमेरिकेतली गुलामगिरी संपली. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. पंचवीस वर्षांपूर्वी नगरला शाळा बघणारा तरुण आता त्या देशाकडे बोट दाखवून आपल्या समाजाला विचारत होता, तिकडे झालं, मग इकडे कधी? त्याच वर्षी सत्यशोधक समाज निघाला.

बरोबर शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये, बर्कले विद्यापीठात एका अमेरिकन बाईनं पीएचडी मिळवली. विषय, १८७३ पासूनची पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ. नाव गेल ऑम्व्हेट. जन्म १९४१, मिनियापोलिस. पहिल्यांदा भारतात आल्या त्या १९६३ मध्ये, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर, इंग्रजी शिकवायला! हेसलरसारखंच. पण हेसलरनं दोन वर्षांनी फूलिंग सोडलं, या बाई परत परत येत राहिल्या आणि एकदाच्या राहूनच गेल्या. भारत पाटणकरांशी लग्न केलं, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला घर केलं, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावलाच वारल्या. फुल्यांना महाराष्ट्राबाहेरच्या इंग्रजी वाचणाऱ्या जगात नेण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

आमच्या भागाशी त्यांचा संबंध शहाद्यावरून. शहादा-तळोदा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं (नंदुरबार १९९८ ला वेगळं झालं). १९७० च्या दशकात तिथल्या भिल्ल शेतमजुरांनी श्रमिक संघटना बांधली, गेलेल्या जमिनी मागितल्या, आणि बायकांनी दारूची मडकी फोडायची मोहीम काढली. ऑम्व्हेट यांनी बायकांच्या लढ्यांवरच्या आपल्या पुस्तकात हे जगासमोर मांडलं. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील, ज्यांनी मार्क्सच्या शेजारी फुले-आंबेडकरांना बसवलं, त्यांचे विचारही त्यांनी इंग्रजीत गांभीर्यानं घेतले. मी धुळ्यात वाढलो आणि शरद पाटील हे नाव आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. मिनियापोलिसच्या बाईंच्या पुस्तकातून कळलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच.

आणखी दोघींचा उल्लेख करतो आणि आवरतं घेतो. दोघींचं गाव फलटण. पहिल्या कमला निंबकर, माहेरच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकन क्वेकर घरातल्या. १९३० मध्ये लग्न करून आल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. दुसऱ्या मॅक्सीन बर्नसन, फलटणच्या 'मॅक्सीनमावशी'. १९६१ मध्ये हैदराबादला विवेकवर्धिनी कॉलेजात इंग्रजी शिकवायला आल्या, मराठीच्या प्रेमात पडल्या आणि १९६६ पासून फलटणला. डॉक्टरेटचा विषय काय, तर फलटणच्या लोकांची बोली. जातीजातीत, आळीआळीत मराठी कशी बदलते ते. जाई निंबकरांबरोबर परदेशी माणसाला मराठी शिकवणारी पुस्तकं लिहिली. १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं. आणि १९८० च्या दशकात फलटणला शाळा काढली, ती कमला निंबकरांच्या नावानं आणि मराठी माध्यमाची. ज्या दशकात गावोगाव इंग्लिश मीडियमच्या पाट्या लागायला सुरुवात झाली, त्या दशकात एक अमेरिकन बाई मराठी शाळा काढते!

ही गोष्ट मला जरा जास्त लागते, त्याला कारण आहे. आमच्याकडे अहिराणी बोलतात, 'आहे' ला 'शे' म्हणतात. पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा फोनवर आईशी बोलताना पोरं कान टवकारून ऐकायची आणि नंतर 'काय शे, काय शे' करून खिदळायची. हळूहळू मी फोन घेऊन गच्चीत जायला लागलो. आपल्याच भाषेच्या माणसांनी ज्या बोलण्याला अशुद्ध ठरवलं, तसल्याच बोलण्याचा मॅक्सीनबाईंनी वर्षानुवर्षं बसून अभ्यास केला. कुणाचं चुकतं हे शोधायला नव्हे, कोण कसं बोलतं आणि का, हे समजून घ्यायला. पोराच्या तोंडातली भाषा आधी ऐकून घ्यायची, हे शिकवण्याच्या आधी येतं, हे कापूसवाल्यांना कळलं नाही आणि या बाईंना कळलं.

तर एवढं सगळं वाचल्यावर माझा निष्कर्ष साधा आहे. अमेरिकेतून इथं शिकवायला पुष्कळ आले. ज्यांनी आधी इथली भाषा शिकायला वेळ दिला त्यांचं काहीतरी उभं राहिलं, त्यांना हवं होतं तेच उभं राहिलं असं नाही. फरारबाईंना ख्रिस्ती कुटुंबं हवी होती, त्यांच्या शाळेतून निघाली ती सत्यशोधकाची वाट. बाई १८६२ ला गेल्या, 'गुलामगिरी' त्यांनी पाहिलंच नाही.

आणि आता आपण. न्यू जर्सीत, डॅलसमध्ये, बे एरियात आपली पोरं दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहतायत. भाषा शिकायचा प्रश्न नाही, ती इथूनच शिकून गेलीयत. पण तिथल्या शाळेच्या बोर्डावर, गल्लीतल्या लायब्ररीत, शेजारच्या काळ्या-गोऱ्या पोरांच्या आयुष्यात आपल्यातल्या कुणाचा हात लागलाय का? काहींचा नक्की लागलाय, मला दोन-तीन जण माहीतही आहेत. पण गणेशोत्सवाच्या मंडपाबाहेर पडून हे करणारे अजून थोडेच वाटतात. तुमच्या ओळखीत कुणी असतील तर प्रतिक्रियेत जरूर लिहा. असल्या लोकांची यादी करायचा विचार आहे. दोनशे वर्षांनी बॉस्टनकडच्या एखाद्या पोराला ती उपयोगी पडेल.

असो. पुढच्या विकांताला भुसावळच्या रेल्वेवर लिहीन म्हणतो, प्रोजेक्टची रिलीज मध्ये आली नाही तर!